विषयाला धरून नाही

मागच्या शैक्षणिक वर्षी द्वितीय वर्ष कला शाखेच्या वर्गाला मी 'हरवलेले ठिकाण' या विषयावर ललित निबंध लिहायला सांगितला होता. ललित गद्य शिकवणाऱ्या कोणाही अध्यापकाला सहज सुचावा असा हा रुळलेला विषय आहे आणि त्यावर येणारे निबंधही तितकेच रुळलेले असतात. मामाचे गाव, गावची विहीर, देवळापुढचा पार, रस्तारुंदीत गेलेले आंब्याचे झाड. बहुतेक मुले याच वाटेने गेली होती आणि त्यांनी तसे जावे हेच मी वर्षभर शिकवले होते, त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

एक निबंध मात्र वेगळा होता. उरण तालुक्यातून येणाऱ्या एका मुलाने आपल्या घरामागच्या कंटेनर यार्डावर लिहिले होते. वडील ट्रेलर चालवीत. दुपारी यार्डात काम थंडावले की पाठीमागच्या तारेच्या कुंपणातून ही मुले आत शिरत. उन्हाने तापलेले पत्रे संध्याकाळी निवू लागले की कसे कडकड वाजतात, पाच-पाच कंटेनरांच्या थरांमधल्या बोळांतून वारा कसा शिट्टी घालीत येतो, पावसाळ्यात गंजाचे तांबडे ओघळ कसे उतरतात, हे सारे त्याने लिहिले होते. इंग्रजी अक्षरे तो शाळेत जाण्याआधीच कंटेनरांच्या अंगावरून शिकला होता. पहिला वाचता आलेला शब्द 'मर्स्क', दुसरा 'एव्हरग्रीन'. पुढे ते यार्ड दुसरीकडे हलले. आता तिथे पत्र्याचे कुंपण आणि आत गवत आहे.

त्या निबंधाखाली मी लाल शाईने लिहिले : 'विषयाला धरून नाही. निसर्गाशी असलेले नाते यायला हवे होते.' आणि दहापैकी चार गुण दिले.

निबंध परत दिले त्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो मुलगा थांबला. म्हणाला, "मॅडम, तुम्ही पण उरणच्याच ना?"

"हो."

"मग मी मिठागरावर लिहिले असते तर चालले असते का?"

त्याच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, खरोखरच विचारायचे होते. मी त्याला उलट विचारले, "तू मिठागर पाहिले आहेस का?"

"नाही मॅडम. म्हणून तर नाही लिहिले."

या लेखाचे निमित्त एवढेच.

*

मी मिठागर पाहिले आहे. आमचे गाव उरण आणि जासई यांच्या मधल्या खारपट्टीतले. माझा आजा जन्मभर मिठागरात राबला. आमच्याकडे आजाला अहो-जाहो करीत नाहीत, तेव्हा या लेखातही तो एकेरीच राहू दे. मिठागर त्याच्या मालकीचे नव्हते. कुंड्या दुसऱ्याच्या, त्यात राबणारे पाय आमचे. स्वतःची म्हणून थोडी भातजमीन होती, तीही खारातली. तिच्यात राता नावाचे तांबडे, खारे पाणी सोसणारे भात होई.

दिवाळीनंतर मिठागराचे काम सुरू होत असे. पावसाने खचलेले बांध चिखल थापून उभे करायचे, कुंड्यांचे तळ पायांनी तुडवून घट्ट आणि सपाट करायचे. हे तुडवणे दिवसेंदिवस चाले. माणसे ओळीने, एकमेकांच्या खांद्याला धरून, पाय आपटीत पुढे-मागे सरकत. मग उधाणाची भरती पाहून उघाडी उघडायची. समुद्राचे पाणी आत आले की ते आधी मोठ्या तळ्यात साठवायचे आणि तिथून उन्हाने आटवत एका खाचरातून दुसऱ्यात उतरवत न्यायचे. अखेरच्या कुंडीत येईपर्यंत पाणी जड झालेले असे. जानेवारीत पहिले मीठ धरे आणि पाऊस तोंडावर येईपर्यंत दर थोड्या दिवसांनी लांब दांड्याच्या लाकडी फळीने ते कडेला ओढले जाई. मीठ पांढरेशुभ्र नसे, करडी झाक असलेले, जाड खड्यांचे असे. आम्ही मुले ओल्या ढिगावर चढत असू आणि खरचटलेल्या गुडघ्यांनी रडत खाली येत असू.

उघाडी हा शब्द वर्गात सांगितला की मुले हसतात. बांधातले ते एक लाकडी दार, दुसरे काही नाही. भातशेताला उघाडी असे ती पावसाचे पाणी ओहोटीला बाहेर सोडून समुद्राला बाहेरच ठेवण्यासाठी, आणि मिठागराला असे ती समुद्राला आत घेण्यासाठी. एकच दार, पण एका शेजारी समुद्र शत्रू आणि दुसऱ्या शेजारी कच्चा माल. दोन्ही दारे सांभाळणारा माणूस एकच असल्यामुळे आजाला भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाठ होते. तिथीची पाऊणपट करायची, येईल त्या आकड्याच्या सुमारास भरती पूर्ण. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. अमावास्या-पौर्णिमेला दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास उधाण. हा हिशेब आमच्या किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मला पावकी-दिडकी आली नाही, ही पाऊणपट मात्र आली.

हा सारा मुलूख मुळात बेटांचा आणि खाड्यांचा आहे. १७८२ च्या सालबाईच्या तहात साष्टी आणि घारापुरीबरोबर इंग्रजांकडे राहिलेले 'करंजा' बेट म्हणजे आपले उरणच. एका अंगाला द्रोणागिरी, दुसऱ्या अंगाला मोरा बंदर, आणि मुख्य भूमीकडच्या बाजूला सगळा चिखल. त्या चिखलात बांध घालून माणसांनी मिठागरे आणि भातखाचरे उभी केली. आगरी या नावाचा संबंध आगराशी, म्हणजे मिठाच्या आगराशी जोडतात, तो यामुळे.

*

मुंबईतल्या महाविद्यालयात मी १९९६ साली दाखल झाले. मोऱ्याहून लाँचने भाऊच्या धक्क्याला जायचे, तिथून चालत डॉकयार्ड रोड. पाण्यावरचा प्रवास तासाभराचा. लाँच बंदराबाहेर पडली की उजव्या हाताला घारापुरीचे डोंगर येत, नंतर जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, आणि मग धुरकट मुंबई. मोऱ्याला गाळ फार. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या आसपास पाणी इतके ओसरलेले असे की लाँच धक्क्याला लागू शकत नसे. त्यामुळे कॉलेजच्या वेळापत्रकाशेजारी वहीत मी तिथ्या लिहून ठेवीत असे. आजाची पाऊणपट मला अशी कामी आली. एकदा तर परीक्षेच्या दिवशी पौर्णिमा आली, तेव्हा आदल्या संध्याकाळीच जाऊन मी मैत्रिणीकडे मुक्काम केला होता.

अभ्यासक्रमातल्या कादंबऱ्या मी त्या लाँचवर वाचल्या. श्री. ना. पेंडसे यांची 'गारंबीचा बापू' (१९५२) वाचली आणि 'तुंबाडचे खोत' (१९८७) एम. ए. ला असताना. 'कोकण' हा शब्द त्या पुस्तकांतून माझ्यासमोर आला तो माड-पोफळी, वहाळ, घाट्या आणि तांबड्या मातीसकट. तो प्रदेश मी पाहिलेला नव्हता, पण त्याच्यावर प्रेम करायला शिकले. आमचेही कोकणच, पण आमची माती काळी-करडी, वास खाऱ्या गाळाचा, झाड म्हटले तर तिवर. चिखलाशी नाते सांगणारे पुस्तक मला त्या काळात मिळाले ते एकच, मधु मंगेश कर्णिकांचे 'माहीमची खाडी' (१९६९), आणि तेही शहराच्या पोटातल्या झोपडवस्तीचे. मुद्दा असा की निसर्ग कशाला म्हणावे हे मी पुस्तकांतून शिकले आणि मग त्या मापाने आपल्या गावाकडे पाहिले. आमच्याकडे धबधबा नव्हता, म्हणून मी मिठागराला निसर्ग केले.

एम. ए. नंतरच्या पहिल्या काही वर्षांत मी जे थोडे ललित लिहिले त्यात मिठागर वारंवार आले. चांदण्यात चमकणाऱ्या कुंड्या, उभे राहून झोपलेले बगळे, क्षितिजावर मिठाच्या राशी. हे सगळे खरे होते. पण त्यात आजाचे पाय नव्हते. टाचांच्या भेगांत मीठ शिरू नये म्हणून रात्री तो मेण वितळवून भरीत असे आणि तेव्हा त्याच्या तोंडून निघणारा आवाज आम्हाला बाहेरच्या खोलीत ऐकू येई. हे मी आज प्रथमच लिहीत आहे.

*

त्या लेखांत आणखी एक गोष्ट नव्हती, ती पैशाची.

१९७० नंतर नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावे संपादनाखाली आली. पुढच्या काळात उरणच्या किनाऱ्यावर तेल आणि नैसर्गिक वायूचा प्रकल्प आला, वीजकेंद्र आले, आणि १९८९ साली न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाले. मधल्या काळात, जानेवारी १९८४ मध्ये, जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई-नवघर भागात शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात पाच जण मारले गेले. मी तेव्हा जेमतेम चार-पाच वर्षांची. आठवते ते इतकेच की त्या रात्री आमच्या घरात दिवा लावला नव्हता आणि आय दाराशी बसून होती. बाबा दुसऱ्या दिवशी दुपारी परतले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून आले. हा इतिहास आमच्याकडच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे.

मिठागर गेले त्याचा आम्हाला एक पैसाही मिळाला नाही. मालकी नव्हती, आणि पिढ्यान्‌पिढ्या तुडवलेल्या कुंडीवर पायांचा हक्क कोणत्याही कागदात लिहिलेला नसतो. मोबदला मिळाला तो भातजमिनीचा, आणि त्यातली वाढीव रक्कम बरीच उशिरा हाती आली. ती आली त्याच वर्षी मी बारावी झाले. काकांचे म्हणणे पडले की डंपर घ्यावा. बाबांनी आपल्या वाट्यातला निम्मा डंपरला दिला आणि निम्मा माझ्या नावाने बँकेत ठेवला. लाँचचा पास, पुस्तके, एम. ए. च्या काळातले वसतिगृह हे सगळे त्या ठेवीतून झाले. डंपर तीन वर्षांत मोडीत गेला. ठेव मात्र टिकली, म्हणजे मी टिकले.

सरळ सांगायचे तर खार भरली गेली म्हणून मी शिकले आणि शिकले म्हणून मला खारीविषयी हळवे होता आले. आजाला मिठागराविषयी हळवा झालेला मी कधी पाहिले नाही. बांध फुटला तर तो शिव्या देत असे आणि मीठ चांगले पडले तर गप्प असे. काम थांबले तेव्हा त्याने एकच वाक्य उच्चारल्याचे आय सांगते : "बरा झाला, पायांचा तरी सुटला." माझ्या कोणत्याही लेखात हे वाक्य बसले नसते.

इथे आणखी एक कबुली द्यायला हवी. माझा धाकटा भाऊ गेली कित्येक वर्षे एका कंटेनर यार्डाच्या गेटवर नोंदी करतो. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावरचे आमचे घर त्याच्याच पगारावर चालते आणि आयची औषधेही. ज्या निबंधाला मी 'निसर्गाशी नाते नाही' म्हणून चार गुण दिले, त्या निबंधातल्या जागेशी माझे नाते इतके जवळचे आहे.

*

दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलाला आणि त्याच्या दोन वर्गमित्रांना घेऊन उरणला जायचे मी ठरवले. तू यार्ड दाखव, मी मिठागर दाखवते, असा आमचा करार झाला. आता तिथे लोकल जाते. १२ जानेवारी २०२४ रोजी उरणपर्यंतचा रेल्वेमार्ग खुला झाला, आणि त्याच दिवशी शिवडीहून समुद्रावरून चिर्ल्याकडे येणारा सुमारे २२ किलोमीटरचा अटल सेतूही. मोऱ्याला तिथी पाहून निघणाऱ्या बाईला हे सुख मोठे वाटते, ते नाकारण्यात अर्थ नाही. मार्ग सुरू झाला तेव्हा त्यावरच्या दोन स्थानकांची नावे खारकोपर आणि शेमटीखार होती. दोन्ही नावांत खार आहे हे मी मुलांना दाखवले. त्यांनी ते फलक शंभरदा वाचले होते, पण त्यांना तो नावाचाच भाग वाटला होता.

गाडीच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना तिवरांचे दाट रान दिसते. मुलांपैकी एक म्हणाला, "मॅडम, हा तरी निसर्ग ना?" होय, हा निसर्गच. पण त्यातल्या बऱ्याच जागी पूर्वी बांध होते. बांध राखायला माणूस उरला नाही की उधाणाचे पाणी फट शोधते, फट मोठी होते, आणि भरतीबरोबर तिवराचे बी आत येऊन रुजते. आजाच्या पिढीने चुलीसाठी हेच तिवर तोडले, आणि त्याच्या आधीच्या पिढ्यांनी ते हटवून मिठागरे केली. ज्याला मी निसर्ग म्हणून लिहीत होते तो श्रम होता, आणि श्रम थांबल्यावर जे परत आले तो निसर्ग. माझ्या लेखांत हे नेमके उलटे झाले होते.

स्टेशनवर आय भावाबरोबर आली होती. तिला वाटले होते की ती मिठागराची जागा सहज दाखवील. आम्ही रिक्षाने गेलो, उतरलो, चाललो. भरावाचा सपाट माळ, रुंद रस्ता, ट्रेलरांची रांग, गटाराच्या कडेला बसलेला एक खंड्या. आय एकदा डावीकडे बघे, एकदा उजवीकडे. द्रोणागिरीचा डोंगर धरून तिने अंदाज बांधायचा प्रयत्न केला, पण मध्ये इमारती आल्याने डोंगराचा आकारच बदललेला. शेवटी ती म्हणाली, "बांद नाय तं कला कसा?" बांध नाही तर कळायचे कसे. मलाही कळले नाही. वीस वर्षे ज्या जागेवर मी लिहीत आले ती जागा मला शंभर पावलांच्या आतसुद्धा दाखवता आली नाही.

मग तो मुलगा आम्हाला त्याच्या यार्डापाशी घेऊन गेला. पत्र्याच्या कुंपणाला एका ठिकाणी वाकवून केलेली फट होती. आत कमरेइतके गवत. तो भराभर चालत गेला आणि दाखवू लागला. इथे गेट, इथे काट्याचा पूल, ट्रेलरचे वजन व्हायचे तो. इथे रिकामे ठेवायचे, इथे खराब झालेले. हा सिमेंटचा तुकडा म्हणजे क्रेनच्या चाकांचा रस्ता. इथे आमचे स्टंप. त्याने पाय टेकवून जागा दाखवली, आणि गवत बाजूला सारल्यावर सिमेंटवर खडूने नव्हे, तर तारेने ओरखडून काढलेल्या तीन उभ्या रेघा खरोखरच निघाल्या.

आय त्याच्याकडे बघत होती. माझ्याकडे वळून म्हणाली, "याला बरा आठवतंय."

परतीच्या गाडीत मी त्याचा निबंध मागून घेतला. अंतर्गत मूल्यमापनाचे गुण आधीच पाठवले गेले होते, ते बदलता येण्यासारखे नव्हते, आणि तसे मी त्याला सांगितले. जुना शेरा खोडून खाली मी लिहिले : 'विषयाला धरून आहे. शेरा लिहिणारीची चूक झाली.' खाली सही आणि तारीख. मुलांसमोर अशी सही मी नोकरीत पहिल्यांदाच केली.

तो वाचून थोडा अवघडला. मग वहीची पाने उलटत म्हणाला, "मॅडम, वार्षिक अंकाला देताना यात खाली मिठागर होते असे घालू का? म्हणजे पूर्ण होईल."

मी म्हणाले, घालू नकोस. ते तू पाहिलेले नाहीस.